टाइप केलेला पेपर

रघुवीरला दिसत नव्हतं, आणि इंटरपासून मिळालेला प्रत्येक लेखनिक त्याचं उत्तर आपल्या मनानं आखूड करून लिहायचा. म्हणून एम.ए.ला त्यानं मल्हारगंजातल्या क्लासात टाइपिंग शिकून घेतलं, विद्यापीठाकडे अर्जावर अर्ज केले आणि पेपर स्वतःच्या हातानं टाइप करायची परवानगी मिळवली. इंदुरात असं आधी कोणी पाहिलं नव्हतं.

खडखडाटाचा बाकीच्यांना त्रास नको म्हणून कॉलेजनं त्याला वेगळी खोली दिली, ऑफिसातला टाइपरायटर दिला आणि समोर प्रतापराव नावाचे पर्यवेक्षक बसवले. त्यांनी प्रश्न वाचून दाखवले. मग रघुवीरची बोटं तीन तास थांबली नाहीत. माळव्यातल्या मराठ्यांचा सगळा इतिहास त्यानं मनासारखा मांडला, आणि "लिहिलंस का रे?" असं पहिल्यांदाच कोणाला विचारावं लागलं नाही.

घंटा झाली. त्याला घरी न्यायला आलेल्या सुमननं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, टेबलावरचा गठ्ठा उचलला.

"दादा, पानं तर सगळी कोरी आहेत."

सकाळी ऑफिसात सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापताना टाइपरायटरची खिट्टी फिरवून शाईची रिबन बंद केली होती. ती खिट्टी पुन्हा कोणी फिरवलीच नव्हती.

रघुवीर प्रतापरावांकडे वळला. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही तर समोरच होता ना?"

"पहिल्या पानापासून पाहत होतो, भिया, जीव नुसता तुटत होता," प्रतापराव हळहळले.

"पण," ते पुढे म्हणाले, "विद्यापीठाची ऑर्डर एकदम साफ आहे. परीक्षार्थीला कसलीही मदत करायची नाही."