लाकडी बाळाची तीट

साक्रीच्या एस.टी.ला दोन तास होते, म्हणून तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन मी आणि सासूबाई धुळ्याच्या वस्तुसंग्रहालयात सावलीला शिरलो. तिथे एका लाकडी फळीवर येशूचा जन्म कोरलेला होता. गोठा, गाय, मारिया आणि तिच्या मांडीवर गुटगुटीत उघडं बाळ.

"माय वं!" सासूबाई कळवळल्या. "बठ्ठा लोक दिनभर या पोऱ्याले देखतस, आनि गालले तीट नही?"

मी अडवायच्या आत त्यांनी पिशवीतली काजळाची डबी काढून येशूच्या गालाला बोट टेकवलंसुद्धा.

पहारेकरी रुपचंदभाऊ धावत आले. "अक्का, काय केलं हे! साहेबांनी पाहिलं तर माझी नोकरी जाईल. पुसा आधी!"

"लेकरानी तीट कोनी पुसस का? तुले पोरेसोरे शेतस ना? मंग तूच पुस."

रुपचंदभाऊंनी रुमाल काढला. लाकडी बाळाकडे पाहिलं, माझ्या बाळाकडे पाहिलं आणि स्वतःच्याच कपाळाचा घाम पुसला. मी इतकी हसले की कुशीतलं बाळही खिदळायला लागलं.

वर्षभराने आम्ही पुन्हा धुळ्यात. चिरंजीव आता दुडूदुडू चालत होते. मला एकच धाकधूक, त्या तिटीपायी रुपचंदभाऊंची नोकरी तर गेली नसेल? पण ते दारातच उभे होते. आम्हाला पाहताच घाईघाईनं छताकडे बघायला लागले.

आत जाऊन पाहिलं. बाळाला तीट होती. फक्त या वेळी ती दुसऱ्या गालावर होती.