दाढीचा फेस

फेस पुन्हा घसरला. गालावर ठरलाच नाही. हनुवटीवरून गळ्याकडे ओघळला आणि शेषरावांच्या सदऱ्याचा गळा भिजवून गेला. त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं तो पदरानं टिपला आणि ब्रश परत गरम पाण्याच्या गडव्यात बुडवला.

शेषराव ओसरीवर बाजेवर बसले होते, पाठीशी लोड. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. होळीच्या सुमारास त्यांना लकवा मारला होता. त्याआधी अख्ख्या पिंपळगावात त्यांच्याएवढं बोलणारा माणूस नव्हता. जिल्हा परिषद नवी नवी झाली तेव्हा गावच्या रस्त्यासाठी ते बुलढाण्याला गेले होते आणि तिथल्या साहेबाला खुर्चीतून उठू न देता सगळं ऐकवून आले होते.

खामगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "जीभ जड झाली आहे, गेलेली नाही. बोलत राहिले तर सुधारेल. गप्प बसले तर मात्र कायमची बसेल."

सुरुवातीला शेषराव बोलले. शब्द वेडेवाकडे यायचे, पण यायचे. मग एक दिवस सोयरे भेटायला आले. शेषराव त्यांना कपाशीचं काहीतरी विचारत होते. सोयऱ्यांना एक अक्षर कळलं नाही. तरी बिचारे भल्या मनानं "हाव, हाव" करत माना हलवत राहिले. शेषरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बोलता बोलता ते थांबले. त्यानंतर त्यांचं तोंड उघडलं ते फक्त घास घ्यायला.

दाढी वाढली. मोतीराम न्हाव्याला बोलावलं, तर शेषरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. स्वतःची दाढी त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिली नव्हती. मोतीरामनं मुकाट्यानं धोकटी उचलली. शेवटी तानुबाईनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्याला तिनं आजवर हात लावलेला नव्हता. आत रेझर, एक ॲल्युमिनियमची वाटी, केस फिस्कारलेला ब्रश आणि बाजारातल्या सगळ्यात स्वस्त साबणाची अर्धी वडी होती. शेषरावांनी नकार दिला नाही. होकारही दिला नाही.

तानुबाईला कपड्याचा साबण ठाऊक होता. भरपूर पाणी, भरपूर घासणं. तसंच तिनं केलं. मोठमोठे बुडबुडे यायचे आणि गालापर्यंत पोचायच्या आत विरून जायचे. साबणाला दोष देऊन ती आठवडाभर तशीच खरडत राहिली. शेषरावांच्या गालावर दोन-चार ठिकाणी कापलं होतं.

आज तिनं गडव्यातून ब्रश उचलला. त्यातून पाणी टपटपत होतं.

"झटक."

तानुबाईचा हात जागीच थांबला. दारात सून प्रेमला तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली.

"झटकू?" तानुबाईनं साध्या आवाजात विचारलं, जणू ते रोजच बोलत होते. तिनं ब्रश अंगणाच्या बाजूला झटकला.

"अजून."

तिनं अजून झटकला. शेषरावांनी डावा हात उचलला आणि हवेत गोल गोल फिरवला. तिनं ब्रश वडीवर तसाच फिरवला. साबण सायीसारखा घट्ट आला. त्यांनी एक बोट वर केलं. तिनं पाण्याचा एक थेंब टाकला. पुन्हा बोट, पुन्हा थेंब. बघता बघता वाटीत फेस चढला, पांढरा, दाट. गालावर लावला तर जिथल्या तिथं राहिला. रेझर त्यातून सरसर गेला.

संध्याकाळी मुलगा शेतातून आला, त्याला प्रेमलानं सांगितलं. तो बापाजवळ येऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला, वाट पाहिली. शेषराव काही बोलले नाहीत.

पुढच्या दिवसांत फेस रोज चांगला जमला. दाढी झाली की शेषराव डाव्या हातानं गाल चाचपायचे आणि समाधानानं डोळे मिटायचे. तोंडातून शब्द नाही.

"आत्याबाई, आता तुमाले चांगलं जमलं," प्रेमला म्हणाली.

तानुबाई उरलेल्या फेसाची वाटी मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. तिला सासरी येऊन जन्म गेला होता. भाजीत मीठ बरोबर असलं तर हा माणूस कधी बोलला नव्हता. मीठ कमी पडलं की मात्र शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गडव्यातून ब्रश काढला आणि थेंब गाळत तसाच वडीवर नेला.

"आत्याबाई, पानी झटकलं नाही तुम्ही," प्रेमला हळूच म्हणाली.

"मले दिसते," तानुबाई म्हणाली आणि तिनं ब्रश पुन्हा एकदा पाण्यात बुचकळला.

पहिलाच हात फिरवला तसा पातळ फेस ओठांवर आला, गळ्यावरून सदऱ्यात उतरला. शेषरावांनी डोळे उघडले. तिनं दुसरा हात फिरवला, पहिल्यापेक्षा ओला. त्यांचा जबडा हलला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. शब्द अडखळत आले, पण एकामागून एक सगळे आले.

"किती... डाव... सांगू तुले?"

तानुबाईनं ब्रश खाली ठेवला नाही.

"रोज सांगा," ती म्हणाली.