कलहंस, एक

धरणाच्या काठावर पट्टकदंब हंसांचा थवा चरत होता आणि त्यात एकच वेगळा होता. डोक्यावर काळे पट्टे नाहीत, चोच गुलाबी. जयवंतरावांनी घाईघाईनं गळ्यातली दुर्बीण काढून डावीकडे धरली. "बघ गं, कलहंसच ना?"

हात तसाच हवेत राहिला. नलिनीला जाऊन दहा महिने झाले होते. तिच्याशिवायचा हा पहिलाच हिवाळा.

तालुक्यातल्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा नियम असा, की फोटो नसेल तर पक्षी दोघांनी पाहिलेला हवा. नियम नलिनीचाच. "यांना धुक्यात काहीही दिसतं," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. कॅमेरा दोघांनीही कधी घेतला नाही. ते बघायचे, ती खात्री करायची.

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "कलहंस, एक. जुन्या घाटाजवळ."

लगेच ग्रुप सांभाळणाऱ्या ऋजुताचा प्रश्न आला. "काका, सोबत कोण आहे?"

त्यांनी लिहिलं, "कोणी नाही. नोंद धरू नकोस."

"असं कसं? मी येते ना बघायला. अर्ध्या तासात पोचते. आहे ना तो अजून?"

त्यांनी मान वर केली. मच्छीमाराची होडी काठाला लागत होती आणि सगळा थवा उठून पलीकडच्या धुक्यात दिसेनासा झाला होता.

खोटी नोंद त्यांनी जन्मात केली नव्हती.

"आहे," जयवंतरावांनी लिहिलं. "ये."