कुलूपकाकांची साक्ष

“साहेब, तुमचा पासवर्ड मला माहीत नाही,” तपासणीसाठी बाहेरून बोलावलेली तरुणी म्हणाली, “आणि मला तो लागतही नाही.”

तिनं एक बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर मालकांचं पान उघडलं. वर त्यांचं नाव, खाली त्यांच्या मंजुरीसाठी थांबलेली कामं. सलाईनच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्याचा सगळा कारभार या एकाच सॉफ्टवेअरवर चालायचा.

मालक हसले, पण खुर्चीत सावरून बसले. “हे कसं काय?”

“पासवर्ड दळून त्याची एक लांबलचक अक्षरांची माळ होते. हॅश म्हणतात तिला. तिच्यावरून मूळ पासवर्ड ओळखणं अवघड, हे खरं. पण तुमचं सॉफ्टवेअर पासवर्ड तपासतच नाही. कॉम्प्युटरनं पाठवलेली माळ जुळली की झालं, दार उघडलं. गहू हवाय कुणाला, पीठच चालतंय! आणि सगळ्यांच्या माळा बॅकअपच्या फोल्डरमध्ये उघड्या पडल्यात. इथल्या कुणालाही उचलता येतील.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

बैठकीतल्या सगळ्यांच्या माना टेबलाच्या टोकाकडे वळल्या. तिथे कुलूपकाका बसले होते. बारा वर्षांपूर्वी लॉगिनचा भाग त्यांनी एकट्यानं लिहिला होता, तेव्हा कौतुकानं पडलेलं हे नाव.

“काका, दुरुस्तीला किती दिवस?” मालकांनी विचारलं.

“तीन आठवडे.”

“चला, थोडक्यात निभावलं. अजून कुणाचं काही वाकडं झालं नाही, हे नशीब.”

“हो,” काका म्हणाले. आपल्याच तोंडून निघालेला तो शब्द ऐकून त्यांचे कान तापले.

जेवणाच्या सुट्टीत ते जेवले नाहीत. दोन जुन्या नोंदी शोधल्या, छापल्या, अर्धं पान पत्र लिहिलं. एक प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली, दुसरी खिशात घातली आणि भर दुपारी तीन जिने चढून एका दारापाशी येऊन उभे राहिले. बेलकडे गेलेला हात दोनदा मागे आला.

दार केमिस्टबाईंनीच उघडलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून त्यांना काढून दोन वर्षं झाली होती. तपासणी पुरी व्हायच्या आत त्यांच्या लॉगिनवरून एका मालाला मंजुरी गेली होती, आणि ते सलाईन लावलेल्या चौदा रुग्णांना हुडहुडी भरून ताप चढला होता. रुग्ण वाचले. चौकशीत बाई एकच वाक्य बोलत राहिल्या, ‘मी मंजुरी दिली नाही.’ काकांनाही एकच प्रश्न विचारला गेला होता: दुसरं कुणी यांच्या नावानं आत शिरू शकतं का? काका म्हणाले होते, “अशक्य.”

आता बाईंनी त्यांना आत बोलावलं नाही.

“शिरता येत होतं,” काका म्हणाले. “तुमच्या नावानं. पासवर्ड माहीत नसतानाही.”

बाईंनी चौकट धरली. “हे कधी कळलं?”

“कसं शिरता येतं, ते आज कळलं.” काका म्हणाले. इथवर पुरे झालं असतं. इथूनच जिना उतरता आला असता. “पण ती मंजुरी गेली तेव्हा तुम्ही प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर काम करत होता. मंजुरी गेली पॅकिंग विभागातून. दोन्ही नोंदी एकाच मिनिटाच्या. त्या मी चौकशीच्या आदल्या दिवशीच पाहिल्या होत्या.”

“मग दाखवल्या का नाहीत?”

“दाखवल्या असत्या तर माझ्या कुलपाबद्दल विचारलं असतं.”

काकांना वाटलं, आता दार तोंडावर आपटेल. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

“मला वाटायला लागलं होतं, मीच दाबलं असेल,” बाई हळूच म्हणाल्या. “गडबडीत, लक्ष नसताना. आता गॅस बंद केला की चारचारदा जाऊन बघते. आईच्या गोळ्या काढायला हात धजत नाही. बहीण आठवड्याला येऊन काढून ठेवते.”

काकांनी खिशातला कागद पुढे केला. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. घडी घातली आणि आत वळून हाक मारली, “आई, जरा बाहेर ये गं.”

भिंतीला धरत धरत म्हातारी दारापर्यंत आली.

“हे आमच्या कारखान्यातले. काय म्हणतायत ते ऐक.”

काकांनी मान खाली घालून सुरुवात केली. “तुमच्या मुलीची चूक…”

“मोठ्यानं,” बाई म्हणाल्या. “तिला कमी ऐकू येतं.”

“तुमच्या मुलीची चूक नव्हती,” काका मोठ्यानं म्हणाले. जिन्यात आवाज घुमला. “मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.”

समोरचं दार उघडलं. कचऱ्याची बादली हातात घेऊन कुणीतरी बाहेर आलं आणि तिथेच थबकलं. वरच्या मजल्यावरूनही कठड्यावर कुणीतरी वाकलं. काका थांबले.

“काय नव्हती?” म्हातारीनं कानामागे हात धरला.

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मदत केली नाही.

त्यांनी श्वास भरून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्या आवाजात, सांगायला सुरुवात केली.