रेघेतली लाट

चाळीस वर्षं सोनारकाम केलेले बाबा लेकीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आले होते. आल्यापासून प्रश्नांची नुसती सरबत्ती चालली होती.

"सोनं वितळवायचं नाही, ठोकायचं नाही, मग काचेवर बसतं तरी कसं?"

"या पेटीतल्या वायूत ते विरलेलंच असतं, बाबा. लेझरचा किरण काचेवर जिथे पडेल, तिथेच सोन्याचा थर बसतो. किरण सरकवला की झाली रेघ."

"अगं, मग तोंड पाडून का बसलीयेस?"

"रेघ सरळच येत नाही. तीन महिने झाले. पंप बदलला, सगळे स्क्रू पिळून झाले. उद्या यंत्र परत पाठवणार आहेत. संपलं माझं काम."

बाबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. केसाहून बारीक सोन्याची रेघ होती आणि तिच्यात एकसारखी, नाजूक लाट. बराच वेळ ते बघत राहिले, मग हसायलाच लागले.

"यंत्राला कशाला बोल लावतेस? रेघ ओढताना तू कुठे बसतेस?"

"इथेच, यंत्राच्या या टेबलाशी."

ते वाकले. टेबलाखालच्या आडव्या दांडीवर तिचा उजवा पाय होता आणि तो सवयीने हलत होता.

"लहानपणी माझ्या कामाच्या टेबलाशी अभ्यासाला बसायचीस, तेव्हा मी कोरत असलेल्या अंगठ्यांवर हीच लाट उमटायची," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकं तीच नक्षी मागायला लागली, म्हणून तुला कधी ओरडलो नाही."