धक्क्याखालच्या छत्र्या

धुकं विरलं तेव्हा ल्युडेरित्झचं बंदर जेलीफिशनी गच्च भरलं होतं. कोळी शिव्या घालत जाळी गुंडाळत होते. म्हातारे इझाककाका मात्र धक्क्यावर बसून कौतुकानं बघत होते. मी दवाखान्यातून त्यांना तपासायला आले होते.

"काका, हात द्या. नाडी बघू."

"माझी काय बघतेस? त्यांना बघ. हाड नाही, मेंदू नाही, तरी ऐट बघ बायांची!"

खरंच देखण्या होत्या. जांभळ्या रेघांच्या हजारो छत्र्या एकाच ठेक्यात मिटत होत्या, उघडत होत्या. तोच ठेका माझ्या बोटांखाली, काकांच्या मनगटात होता. त्यांचा एक ठोका चुकला, तशी पाण्यातली प्रत्येक छत्री अडखळली.

मग सगळ्या उघडल्या आणि तशाच राहिल्या. मनगटात काहीच लागेना.

"आता बघ," काका हसून म्हणाले, "कशा निवांत झाल्या."