कावळा शिवेना

पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. घाटावरच्या पिंपळावर चार-पाच बसले होते, पण खाली एकही उतरत नव्हता.

गर्दीत साध्या कपड्यांत उभ्या असलेल्या इन्स्पेक्टर दाभाड्यांचं लक्ष कावळ्यांकडे नव्हतं. मयताचा मुलगा दरोड्याच्या गुन्ह्यात फरार होता. वडिलांच्या दहाव्याला तो येणार, असं धरून ते आले होते.

नातेवाईक एकेक करून पिंडासमोर शब्द देत होते. "धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ." "वहिनींना अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. एका म्हाताऱ्यानं दाभाड्यांचा दंड धरला. "पाहुणे, तुम्हीपण हात जोडा. कुणाच्या शब्दाला येईल, सांगता येत नाही."

दाभाड्यांनी हात जोडले. स्वतःच्या वडिलांच्या दहाव्याला ते परगावी असेच कुणाच्या तरी पाळतीवर होते. त्यांच्या पिंडालाही कावळा शिवला नव्हता. शेवटी भावानं दर्भाचा कावळा करून शिववला. डोळे मिटल्यावर त्यांच्या ओठांवर आलं, "सुट्टी मिळाली नाही, अण्णा."

तेवढ्यात गर्दीतून तोंडावर रुमाल बांधलेला एक तरुण पुढे आला आणि पिंडासमोर गुडघ्यांवर बसला. "बाबा, आलोय मी." पहिला कावळा खाली उतरला. त्याचं खाऊन होईपर्यंत दाभाडे थांबले, मगच त्यांनी त्या मुलाचं मनगट धरलं.

जीपमध्ये मुलानं विचारलं, "साहेब, मी येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

दाभाड्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "बापाच्या दहाव्याला मुलगा येतोच रे."